जुन्या फोटोचा फोटो: आधी नोंद, मग दुरुस्ती

मागच्या सुट्टीत आजीच्या ट्रंकेतले फोटो मोबाईलवर उतरवले. एका ॲपमधून ‘स्वच्छ’ केले आणि तिला दाखवले. बराच वेळ बघून ती म्हणाली, “हा कोण रे? आमचा अण्णा असा नव्हता.” ॲपने तिच्या भावाच्या पुसट चेहऱ्यावर स्वतःच्या मनाने डोळे आणि हनुवटी बसवली होती. मूळ फाईल मी ठेवलीच नव्हती. नशीब, प्रिंट शाबूत होती.

तुम्ही संशोधनात येणार असाल तर ही चूक आत्ताच ओळखून ठेवा. फोटोची कॉपी हे एक मोजमाप आहे, आणि मी कच्चा डेटाच फेकून दिला होता. मग सगळं पुन्हा केलं, ते असं:

चकाकी: चकचकीत प्रिंटवर प्रकाश ज्या कोनात पडतो, त्याच कोनात परततो. कॅमेरा बरोबर वर असेल तर वरच्या ट्यूबलाईटचा आणि फ्लॅशचा प्रकाश थेट लेन्समध्ये येतो. म्हणून दोन्ही बंद. दोन सारखे दिवे दोन बाजूंना, साधारण ४५ अंशात ठेवा. दिवे नसतील तर ऊन थेट येत नाही अशी खिडकी आणि समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा.

समांतर: फोन प्रिंटला समांतर हवा, नाहीतर चौकोनाचा पतंग होतो. फार जवळ जाऊ नका, कडा वाकतात. फोन पुस्तकांच्या थप्पीवर टेकवा आणि २ सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे हात हलणार नाही.

पिक्सेल: १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० × ३००० पिक्सेलचा असतो. ६ × ४ इंची प्रिंटने फ्रेमची तीन चतुर्थांश लांबी व्यापली, तर इंचाला ५०० पिक्सेल मिळतात. त्याच आकारात पुन्हा छापायला ३०० पुरतात. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ही सगळी मेहनत वाया.

रंग: सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या बऱ्याच रंगीत प्रिंट लालसर झालेल्या दिसतात, कारण त्यातला निळसर-हिरवा रंग आधी उडतो. तो लालसरपणाही नोंदवायचाच. शेजारी कोरा पांढरा कागद ठेवा, नंतर रंग जुळवायला तोच संदर्भ. दुरुस्ती करायची तर वेगळ्या फाईलमध्ये, मूळ फाईलला हात लावायचा नाही.

मागची बाजू: तिचाही फोटो घ्या. स्टुडिओचा शिक्का, तारीख, पेन्सिलीने लिहिलेलं नाव, सगळं तिथेच असतं. फ्रेमच्या काचेला चिकटलेली प्रिंट मात्र ओढू नका. वरचा थर काचेलाच राहतो. तशीच काचेतून टिपा.

फाईलच्या नावात कोण, कुठे, अंदाजे कधी हे लिहा. ते सांगणारं माणूस समोर बसलेलं असतानाच विचारा.

दुसऱ्यांदा काढलेल्या कॉपीत अण्णांचा चेहरा पुसटच आहे. आजीने मात्र लगेच ओळखला.