मूठभर तांदळाची शाळा

पत्रादेवीची वेस ओलांडून पेडण्यात शिरलो, की मला प्रथम आठवतात ते भाऊसाहेब बांदोडकर. १९११ साली याच गावी जन्मलेला हा दिलदार खाणमालक १९६३ साली गोव्याचा पहिला मुख्यमंत्री झाला आणि खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या.

परंतु ही पेरणी झाली ती आधीच नांगरलेल्या जमिनीत. पोर्तुगीज अमलात मुलांस मराठी शिकवायचे, तर गावाने पदरमोड करून. कुठे देवळाच्या अग्रशाळेत, कुठे एखाद्या घराच्या ओसरीवर वर्ग भरत. पणजीस १९०८ साली मुष्टिफंड संस्था निघाली, ती घरोघरी बाजूला काढलेल्या मूठभर तांदळावर. धनवंताची थैली सर्वांना दिसते. गृहिणीची मूठ मात्र रोज भरते आणि रोज विसरली जाते.

आज पटावर मुले नाहीत म्हणून गोव्यातील कित्येक सरकारी प्राथमिक शाळांना कुलपे लागली आहेत. आपण पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात वसलेली मराठी घराणी. भाषेचा अभिमान आपणही सांगतो. पण तिच्यासाठी रोज एक मूठ बाजूला काढतो काय? पेडण्याहून परतताना हा प्रश्न मी प्रथम स्वतःलाच विचारला, आणि मान खाली गेली.