सात इंचांची तबकडी, पंचवीस हजार पौंड

१९६५ साली डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीसाठी फ्रँक विल्सनने ‘डू आय लव्ह यू’ हे गाणं गायलं. मग त्याने गायकीऐवजी निर्मात्याचं काम निवडलं आणि छापलेल्या बहुतेक तबकड्या नष्ट झाल्या. उरलेल्या मोजक्या प्रतींपैकी एक २००९ मध्ये २५ हजारांहून अधिक पौंडांना विकली गेली.

अशा दुर्मिळ तबकड्यांचं वेड जोपासलं इंग्लंडच्या उत्तरेने. मँचेस्टरचं ‘ट्विस्टेड व्हील’, विगनचं ‘कसिनो’ (१९७३ ते १९८१) अशा क्लबांमध्ये तरुण रात्रभर नाचत, तेही अमेरिकेत न चाललेल्या सोल गाण्यांवर. दुसऱ्या कुणाकडे नसलेली तबकडी मिळवण्यासाठी डीजे धडपडत. नाव कळू नये म्हणून ते तिच्यावर कोरा कागदही चिकटवत. म्हणजे गाणं पडलं, म्हणून तबकड्या थोड्या. आणि थोड्या, म्हणूनच महाग!

त्यात भर पडते पदार्थाची. अमेरिकेतल्या अनेक छोट्या तबकड्या व्हिनाइलच्या नव्हे, तर साच्यात ओतलेल्या पॉलिस्टायरीनच्या असत. हे प्लास्टिक ठिसूळ; जड सुई वारंवार फिरली की खाचेच्या भिंती झिजतात आणि खरखर कायमची बसते. त्यामुळे आधीच थोड्या असलेल्या प्रतींतल्या सुस्थितीतल्या आणखी कमी. मागणी मात्र आता जपानपर्यंत पोचली आहे.

गाणं नव्याने छापता येतं, ऐकायलाही सहज मिळतं. तरी मूळ प्रतीचा भाव उतरत नाही. मला यात खटकतं ते एवढंच, की त्या पैशातलं गायकाच्या वाट्याला काहीच येत नाही. जुनी तबकडी कितीदा विकली गेली तरी मानधन मिळत नाही.