हंस निघण्याआधी

हंस म्हटला की दूध आणि पाणी वेगळे करणारा पांढराशुभ्र पक्षी डोळ्यांसमोर येतो. नागपूर परिसरात हिवाळ्यात येणारा हंस मात्र राखी रंगाचा आहे. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, म्हणून त्याचे नाव पट्टकादंब. चोच आणि पाय पिवळे-नारिंगी.

तिबेट, मंगोलिया आणि आपल्या लडाखमधील सरोवरांकाठी यांची वीण होते. ‘मेघदूता’त राजहंस मेघाच्या सोबतीने कैलासाकडे निघतात. त्या काव्यातील रामगिरी म्हणजे आपले रामटेक, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. प्रत्यक्षात आपल्याकडचे हे हंस मेघाची वाट पाहत नाहीत. मार्चच्या मध्यापर्यंत बहुतेक थवे निघून जातात. म्हणून ते पाहायचे तर माघातच.

उमरेडकडचे पारडगाव आणि सायकी हे तलाव त्यासाठी पक्षिमित्रांच्या परिचयाचे आहेत. हंस रात्री शेतांत, गवतात चरतात आणि दिवसा तलावाच्या उघड्या, उथळ काठावर विसावतात. तेव्हा उजाडण्यापूर्वीच तलावावर पोहोचावे. चरून परतणारे थवे रांगा धरून येतात. आधी त्यांचा नाकातून काढल्यासारखा आवाज ऐकू येतो. सकाळ हुकली तर सूर्यास्ताच्या सुमारास त्यांचे निघणे पाहता येते.

या दिवसांत त्यांना त्रास न देणे फार महत्त्वाचे आहे. पुढे हिमालय ओलांडायचा असतो. उपग्रहाद्वारे माग ठेवलेल्या हंसांपैकी एकाची नोंद 7,290 मीटर उंचीवर झाली. हे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू चांगला घेते. पण पंख हलवायला इंधन लागते चरबीचे, आणि तिची बेगमी याच आठवड्यांत होते. छायाचित्रासाठी थवा उडवला की त्या शिदोरीतला घास आपण काढून घेतो.

म्हणून दुर्बीण घ्या, भडक कपडे टाळा, दूर बांधावर बसा. हंसांच्या माना एकदम ताठ झाल्या, की आपण फार जवळ आलो असे समजून मागे सरा. आणि तलावाचे पाणी ओसरलेल्या जमिनीवर कुणाची गाळपेर असते. तिच्यातून वाट काढू नका.