पाळीव ॲक्सोलॉटलचे आरोग्य

ॲक्सोलॉटल हा मेक्सिको सिटीजवळील सोचिमिल्को सरोवराच्या परिसरात आढळणारा, सॅलमँडर गटातील उभयचर प्राणी आहे. अँबिस्टोमा मेक्सिकॅनम हे त्याचे शास्त्रीय नाव होय. प्रौढ झाल्यावरही त्याचे बाह्य कल्ले टिकून राहतात व तो आयुष्यभर पाण्यातच राहतो. नैसर्गिक अधिवासात तो अतिसंकटग्रस्त असला, तरी बंदिवासात पैदास केलेले प्राणी अनेक देशांत पाळले जातात. त्याचे बहुतेक आजार पाण्याचे तापमान व शुद्धता यांच्याशी निगडित असतात. म्हणून औषधोपचारापूर्वी पाणी तपासणे आवश्यक मानले जाते.

लक्षणे

निरोगी ॲक्सोलॉटलचे कल्ले पिसांसारखे झुबकेदार असतात. कल्ले पुढच्या बाजूस वळणे आणि शेपटीचे टोक आकड्यासारखे वाकणे ही ताणाची सुरुवातीची लक्षणे होत. अन्न नाकारणे, सतत पृष्ठभागावर तरंगणे, कल्ले आखडणे व त्वचा निस्तेज होणे ही लक्षणे त्यानंतर दिसू शकतात. त्वचेवर किंवा कल्ल्यांवर कापसासारखा पांढरा थर दिसल्यास तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. पोट फुगणे व विष्ठा न होणे यांमागे गिळलेले खडे हे कारण असू शकते.

कारणे

ॲक्सोलॉटलला साधारण १६ ते १८ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी मानवते. पाणी २४ अंशांवर राहिल्यास त्याची भूक मंदावते व संसर्गाचा धोका वाढतो. विष्ठा आणि उरलेले अन्न यांपासून अमोनिया तयार होतो. टाकीतील उपयुक्त जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे नसल्याने विषबाधा संभवते. नळाच्या पाण्यातील क्लोरीनही कल्ल्यांना अपायकारक असते.

लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. तेथील हवा थंड समजली जात असली, तरी उन्हाळ्यात मावळातील घरांमध्ये टाकीचे पाणी योग्य मर्यादेत राहत नाही. त्यामुळे या भागातही पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राची गरज भासते.

उपाययोजना

लक्षणे दिसताच तापमान, अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजावेत. अमोनिया व नायट्राइट यांचे प्रमाण शून्य असणे अपेक्षित असते. दोष आढळल्यास क्लोरीनमुक्त पाण्याने टाकीतील पाणी अंशतः बदलावे. आजारी प्राणी थंड, स्वच्छ पाण्याच्या वेगळ्या भांड्यात ठेवून ते पाणी रोज पूर्ण बदलावे. तापमान एकदम न उतरवता हळूहळू कमी करावे. उभयचरांच्या त्वचेतून द्रव्ये सहज शोषली जातात. त्यामुळे माशांसाठीची औषधे पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय वापरू नयेत. बुरशीचा थर ओढून काढू नये. प्राण्याने अनेक दिवस काही न खाल्ल्यास, पोट फुगल्यास किंवा जखम चिघळल्यास पशुवैद्यकाकडे न्यावे.

स्थानिक उभयचरांना असलेला धोका

कायट्रिड या बुरशीमुळे जगभरातील अनेक उभयचर प्रजातींचा ऱ्हास झाला आहे. ॲक्सोलॉटल स्वतः आजारी न दिसताही तिचा वाहक असू शकतो. उत्तर पश्चिम घाटातील संकटग्रस्त व प्रदेशनिष्ठ बेडकांमध्ये या बुरशीचा आशियाई प्रकार आढळल्याचे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. परदेशी मूळ असलेल्या प्राण्यांबरोबर बुरशीचा वेगळा प्रकार येथे पोहोचल्यास स्थानिक प्रजातींपुढे नवे संकट उभे राहू शकते. याच परिसरातील खंडाळ्याहून इंडोटायफलस बॅटर्सबी या देवगांडुळाचे शास्त्रीय वर्णन १९६० मध्ये झाले होते. इंद्रायणी नदीचा उगमही लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे होतो. त्यामुळे नको असलेला प्राणी ओढ्यात, तळ्यात किंवा धरणात सोडू नये. टाकीतील पाणी निर्जंतुक केल्याशिवाय बाहेर टाकू नये. जाळी व भांडी निर्जंतुक करून पूर्ण वाळवावीत.

कायदेशीर स्थिती

ॲक्सोलॉटलचा समावेश साइट्स कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर, अनुसूचीत समाविष्ट असलेल्या अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी मालकावर बंधनकारक आहे.