खोडावरचा पतंग आणि पहाटेचा पहारा

एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेल्यावरून 2023 मध्ये रान उठलं होतं. आता बारावीला जीवशास्त्र घेणाऱ्या मुलांनाच उत्क्रांतीचं उदाहरण असलेला इंग्लंडमधला पतंग भेटणार, याची मला फार रुखरुख वाटते.

पांढऱ्या पंखांवर मिरपूड भुरभुरावी, तसा हा पतंग. 1848 मध्ये मँचेस्टरला त्यातला एक काळाकुट्ट सापडला. 1895 पर्यंत तिथले शंभरातले 98 काळे होते. कारखान्यांच्या काजळीनं खोडं काळवंडली, पांढरे उठून दिसले, पक्ष्यांनी टिपले. इथवर पुस्तकात असतं.

त्याची अळी मात्र पुस्तकात नसते. आपल्या सोयाबीनवरच्या उंटअळीचं कूळ वेगळं, पण चाल तशीच. पोटाच्या मधल्या भागाला पाय नाहीत, म्हणून पाठीची कमान करून मागचं टोक पुढच्या पायांशी आणायचं आणि पुन्हा पुढं सरकायचं. वितीनं फांदी मोजत चालल्यासारखं. थांबली की ताठ उभी राहते, हुबेहूब काडी. आणि ज्या काडीवर असेल तिचा रंग हळूहळू अंगावर घेते. 2019 मध्ये संशोधकांनी अळ्यांचे डोळे काळ्या रंगानं झाकून पाहिले. तरी त्यांनी काडीचा रंग घेतला. रंग त्यांना कातडीतूनही कळत होता!

पण मला सांगायचं आहे ते या पतंगाचा अभ्यास करणाऱ्या मायकेल मजेरस या शास्त्रज्ञाबद्दल. पक्षी उठून दिसणारे पतंग टिपतात हे दाखवायला केटलवेल या संशोधकानं 1950 च्या दशकात केलेल्या प्रयोगांवर पुढं आक्षेप आले: दिवसा खोडांवर सोडलेले पतंग म्हणजे पक्ष्यांना वाढलेलं ताट, एरवी पतंग खोडावर बसतात तरी कुठे? मजेरसनं वाद घातला नाही. केंब्रिजजवळच्या आपल्या बागेत तो झाडांवर चढला आणि आपसूक बसलेले पतंग शोधले. निम्मे फांद्यांवर होते, पण तिसरा हिस्सा खोडांवरच. शिवाय 2007 पर्यंत दरवर्षी तो रात्री पतंग सोडायचा आणि उजाडताच दुर्बीण घेऊन बसायचा. एकूण 4,864 पतंग. रॉबिन, ब्लॅकबर्ड, चिमण्या अशा नऊ जातींच्या पक्ष्यांना त्यानं पतंग खाताना पाहिलं. हवा स्वच्छ झालेल्या त्या बागेत आता काळेच जास्त मारले जात होते.

2009 मध्ये तो गेला. त्याचे आकडे चार शास्त्रज्ञांनी 2012 मध्ये शोधनिबंधाच्या रूपानं छापले. दहावीच्या मुलाला हे सांगायला दोन पानं पुरतात. ती दोन पानं परत मिळायला हवीत.