टाकी बाजूस सारताना

डोंगरवाटांवर व मातीच्या शर्यतींत धावणाऱ्या बहुतेक मोटारसायकलींची पेट्रोलची टाकी इंजिनाच्या डोक्यावर बसविलेली असते. त्यामुळे टॅपेट लावावयाचे झाले तर आधी टाकी हलवावी लागते. इंजिन मात्र पूर्ण थंड हवे. तापलेला धातू प्रसरण पावतो आणि टॅपेटमधील फट खरी मोजता येत नाही. शिवाय पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत पसरते व दूरच्या ठिणगीनेही पेटते. म्हणून हे काम उघड्यावरच करावे.

कार्ब्युरेटरच्या गाडीत प्रथम कॉक बंद करून सीट काढावी, मग नळी सोडवावी व तिच्यातील पेट्रोल भांड्यात धरावे. मागचा बोल्ट निघाला की टाकीची मागील बाजू किंचित उचलून ती मागे ओढावी; पुढे ती बहुधा रबरी गुट्ट्यांवर नुसती सरकवलेली असते. अडली तर जोर लावू नये, एखादी नळी वा तार राहिली असेल. काही मिस्त्री नळी न सोडताच टाकी बाजूस कलती ठेवतात. वेळ वाचतो खरा, पण जुनी नळी ताणाने चिरते. आम्हांस ती रीत पसंत नाही.

टाकी परत बसविल्यावर कॉक उघडून काही वेळ थांबावे. गळती नसेल तरच किक मारावी.