बाळाची शी पांढरी? काविळीची माळ घालून थांबू नका

परभणी : नवजात बाळाची कावीळ बहुतेकदा 2 आठवड्यांत उतरते. त्यानंतरही डोळे पिवळे अन् शी पांढुरकी असेल तर पित्ताची नळी बंद असू शकते. माळेनं ती उघडत नाही.

यकृतातल्या पेशींवर रिसेप्टर असतात, कुलपासारखे. नेमकी किल्ली लागली की पेशी कामाला लागते. साचलेल्या पित्तातली आम्लं अशी किल्ली होतात. मग नळीच्या पेशी वाढत सुटतात, शेजारच्या पेशी चिवट धागे तयार करतात आणि मऊ यकृत जुन्या वणासारखं कडक होत जातं. बाळ मात्र गुटगुटीत दिसतं, घरचे तिथंच फसतात.

पित्ताला नवी वाट देणारी कासाई शस्त्रक्रिया 60 दिवसांच्या आत झाली तर यश जास्त. आशाताई 42 व्या दिवसापर्यंत घरी येतात. त्यांना शीचा रंग दाखवा.